साडूभाऊंना अटी मान्य आहेत

‘मी सर्व अटी व शर्ती वाचल्या असून त्या मला मान्य आहेत’ या वाक्यापुढे खूण करणारा प्रत्येक माणूस खोटं बोलत असतो. या नियमाला पृथ्वीच्या पाठीवर एकच अपवाद आहे, आणि तो नात्यानं माझा साडू लागतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्काचा हा नवरा. बीडच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर संगणक शिकवला, पण त्यांचा खरा विषय अटी. एसटीच्या तिकिटामागचा मजकूर, औषधाच्या खोक्यातली ती घड्या घड्यांची चिठ्ठी, युरियाच्या पोत्यावरची बारीक अक्षरातली सूचना, सगळं ते मिशीखाली ओठ हलवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. स्वतःच्या लग्नात सप्तपदी चालू असताना प्रत्येक पावलाला त्यांनी भटजींना थांबवलं आणि विचारलं, “ह्यात मी नेमकं काय कबूल करायलोय?” भटजींनी पहिल्या दोन पावलांचा अर्थ सांगितला, तिसऱ्याला त्यांना घाम फुटला. पंगतीतलं वरण निवून त्यावर साय धरली तरी नवरानवरी पाचव्या पावलावरच होती. “मला तवाच कळायला पायजे व्हतं,” असं आक्का अजून म्हणते. “माझं लगीन माणसासंगं न्हाई, करारनाम्यासंगं लागायलंय.”

एकदा त्यांच्याबरोबर मी बसस्टँडसमोरच्या दुकानात मोबाइल घ्यायला गेलो होतो. मोबाइल पसंत पडला, दुकानदारानं तो सुरू करून हातात दिला, आणि पडद्यावर ते प्रसिद्ध वाक्य आलं. दुकानदार सवयीनं अंगठा पुढे करून ‘मान्य’वर दाबणार, तोच साडूभाऊंनी त्याचं मनगट धरलं. मग ते स्टुलावर बसले आणि वाचू लागले. गिऱ्हाइकं आली, गेली. चहा आला, प्यायला, कप परत गेले. दुकानदारानं अगरबत्ती लावली, हिशेब केला, अर्धं शटर ओढलं. शेवटी साडूभाऊंनी चष्मा काढला आणि म्हणाले, “हे सतराव्या कलमात लिवलंय की कंपनी तिला पायजे तवा शर्ती बदलंल आन् आपल्याला मान्य हाय असं समजलं जाईल. हे मला मंजूर न्हाई. मालकाला बोलवा.” दुकानदार म्हणाला, मालक मीच. “तुमी न्हाई हो, कंपनीचा.” कंपनीचा मालक समुद्रापलीकडे असतो हे कळल्यावर त्यांनी मोबाइल तसाच खोक्यात घातला आणि आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो. दुसऱ्या दिवशी आक्का एकटीच गेली आणि अंगठा दाबून घेऊन आली. तो मोबाइल ते वापरतात, पण कुणी विचारलं तर “हिच्या जबाबदारीवर” असं सांगतात.

अटींच्या खालोखाल त्यांचा जीव उघडण्यावर. जे उघडता येत नाही ते आपलं नाही, असा त्यांचा सिद्धान्त आहे, आणि तो सिद्ध करण्यासाठी खिशात पेनाशेजारी स्क्रू-ड्रायव्हर असतो. त्यांच्या घरात मिक्सर कधी अखंड पाहिल्याचं मला आठवत नाही. जावयानं दिवाळीला भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्याची चारी बाजूंनी चिकटवलेली पेटी बघून त्यांचा चेहरा असा पडला, की जावयाला वाटलं आपलं काही तरी देण्याघेण्यात चुकलं. “चांगलं हाय,” ते म्हणाले, “पण बंद पडलं तर ह्याच्या आत काय झालं हे मला कळणारच न्हाई. म्हंजे वेळ माझी आन् इजाजत दुसऱ्याची.” ते घड्याळ शेवटी पोळपाट-लाटणं वापरून उघडलं गेलं आणि आजही रोज थोडं पुढे पळतं. पण का पळतं हे साडूभाऊंना पक्कं माहीत आहे, आणि त्यातच त्यांचं समाधान.

आता त्यांच्या कारळाच्या चटणीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ही चटणी ते स्वतः करतात आणि पितळी वाटीतून सोयऱ्याधायऱ्यांना पाठवतात. पण नुसती पाठवतील तर ते साडूभाऊ कसले. वाटी हातात देताना उभ्या उभ्या अटी सांगतात: “खा. दुसऱ्याला द्या. तिखटमीठ बदला, लसूण वाढवा, मला काय बी न्हाई. पण बदलली तर बदलली म्हणून सांगा. आन् ज्याला चटणी द्याल त्याला करायची रीत बी द्या, त्यानं पुढं द्यायची ह्या बोलीवर. रीत दाबून ठेवायची न्हाई.” आणि शेवटची अट तर आपल्याकडे घरोघरी आहेच: वाटी रिकामी परत करायची नाही. शेजारणीची वाटी आपण चिमूटभर साखर का होईना, घालूनच देतो. साडूभाऊंच्या मते जगातलं सगळं ज्ञान या एका रीतीवर चालतं, आणि ज्यानं कुणी पहिल्यांदा रिकामी वाटी परत केली तिथून माणसाची घसरण सुरू झाली.

ते कॉलेजात जे मुक्त परवान्याचे प्रोग्राम शिकवत, ते याच मापानं शिकवत. प्रोग्रामचे दोन अवतार असतात, एक यंत्रानं चालवायचा आणि एक माणसानं वाचायचा. बऱ्याच कंपन्या पहिला विकतात आणि दुसरा कुलपात ठेवतात. “म्हंजे चटणी देतात, रीत देत न्हाईत,” एवढ्यात त्यांचा तास आटपायचा. एकदा माझ्या मेव्हण्यानं त्यांचीच चटणी पुड्यांत भरून बीडजवळच्या नारायणगडाच्या यात्रेत विकायला काढली आणि पुडीवर ‘घराण्याची गुप्त कृती’ असं छापलं. साडूभाऊंना कळलं. ते यात्रेत गेले, मेव्हण्याच्या दुकानाशेजारी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कृती तोंडपाठ सांगू लागले. मेव्हणा रडकुंडीला आला. पण झालं भलतंच. आत काय आहे ते कळल्यामुळे बायाबापड्यांनी विश्वासानं पुड्या घेतल्या आणि दुपारपर्यंत माल संपला. तेव्हापासून मेव्हणा त्यांना यात्रेचं जेवण देतो, आणि ते जेवणाआधी त्यात काय काय घातलंय ते विचारतात.

या माणसानं आयुष्यात एकच मोठा प्रोग्राम लिहिला. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गावंच्या गावं ओस पडतात. आईबाप कारखान्यावर, पोरं आजीजवळ. अशा पोरांनी शाळा सोडू नये म्हणून शाळेतच त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय होते. साडूभाऊ स्वतः असेच आजीनं वाढवलेले. त्यांच्या लहानपणी असली सोय नव्हती. आजी सकाळी एक भाकरी करायची आणि ती दोघांत पुरवायची. त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते या पोरांच्या नोंदीचा आणि हजेरीचा प्रोग्राम. त्यात पालक म्हणून आजीचा अंगठा चालायचा. बापाच्या मोबाइलवर आकडा पाठवून खात्री करायची वगैरे भानगड नव्हती, कारण बाप कर्नाटकात उसाच्या फडात आणि मोबाइल मुकादमाकडे, हे साडूभाऊंना सांगायला कुणी लागत नव्हतं. गैरहजेरीच्या कारणांतही त्यांनी ‘आजारी’ आणि ‘घरगुती’ यांच्याखाली ‘गडावर’ असं एक कारण ठेवलं होतं. यात्रेच्या दिवशी आज्या पोरांना घेऊन नारायणगडावर जातात आणि शाळा रिकामी होते. मुख्याध्यापक त्या दिवशी सगळ्या पोरांना आजारी दाखवत. “खोटं कशापायी लिवायचं?” साडूभाऊ म्हणत. “पोरगं गडावर गेलंय तर गडावर लिवा.”

हा प्रोग्राम त्यांनी सरकारी कचेरीला फुकट देऊ केला, आणि कचेरी घाबरली. विकत घ्यायची वस्तू असली की तिचा कागद कुठून कुठे जातो हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं; फुकट वस्तूला वाटच नव्हती. “सर, किमान तीन ठिकाणची दरपत्रकं लागतील,” साहेब म्हणाले. साडूभाऊ म्हणाले, “मी एकटाच फुकट द्यायलोय, आणखी दोघं कुठून आणू?” “मग थोडे तरी पैसे लावा हो, आम्हाला सोपं जाईल.” अखेर साहेबांनीच धीर करून तो बसवून घेतला. पहिल्या पडद्यावर साडूभाऊंनी मराठीत अटी लिहिल्या होत्या: वापरा, बदला, कुणालाही द्या, पण द्याल त्याला वाचता येईल अशी प्रत द्या, आणि याच अटींवर द्या. कारकून ‘मान्य’ दाबायला गेला तर त्याला थांबवून त्यांनी सगळ्या कचेरीपुढे अटी मोठ्यानं वाचायला लावल्या. लोक उभे राहिले. कुणाला तरी वाटलं, राज्यघटनेची प्रस्तावना चालू आहे.

काही वर्षं छान चाललं. मग एका दिवाळीच्या तोंडावर फर्मान आलं की आता सगळ्या जिल्ह्यांना एकच नवा प्रोग्राम, पुण्याकडच्या एका कंपनीचा. बीडला सभागृहात त्याचं प्रात्यक्षिक ठेवलं. साडूभाऊंना पहिल्या रांगेत बसवून नारळ दिला, शाल घातली, म्हणजे तुमचं काम संपलं हे आपल्याकडे ज्या पद्धतीनं सांगतात त्या पद्धतीनं सांगितलं. मी शेजारीच होतो. कंपनीचा टाय घातलेला माणूस पडद्यावर एकेक रंगीत चित्र दाखवत होता. “नोंदणी करताना वडिलांच्या मोबाइलवर एक आकडा जाईल, तो इथे टाकला की काम झालं.”

केजकडच्या एक मुख्याध्यापक बाई उभ्या राहिल्या. “बाप फडात हाय, साहेब. दारात आजी उभी हाय. आकडा कोण सांगंल?”

“आजींसाठी सोय या आवृत्तीत नाही,” तो म्हणाला. “बदल हवा असेल तर कंपनीकडे मागणी करावी लागेल. पुढच्या वर्षी होऊ शकेल.”

“आमीच बदलू की.”

“उघडता येत नाही, मॅडम.”

साडूभाऊंच्या मांडीवरचा नारळ खाली पडला. नोंद नाही म्हणजे त्या पोराचा शिधा नाही. शिधा नाही म्हणजे मुख्याध्यापक त्याला ठेवून घेणार नाहीत, आणि मग आईबाप त्याला टोळीबरोबर फडात नेणार. टोळ्या निघायला थोडेच दिवस राहिले होते. सभागृहात कुजबुज झाली आणि विरली, कारण अशा वेळी आपल्याकडे ती विरतेच. टायवाला पुढे गेला. “आता गैरहजेरीची कारणं बघू. आजारी. घरगुती. गडावर…”

सगळं सभागृह एकदम जागं झालं. मागून कुणी तरी विचारलं, “साहेब, गडावर म्हंजे हो काय?”

टायवाल्यानं क्षणभरही न अडखळता उत्तर दिलं, “डोंगराळ भागातली अनुपस्थिती. आम्ही राज्यभर अभ्यास करून ही वर्गवारी केलेली आहे.”

तो हशा मी जन्मात विसरणार नाही. कचेरीचे साहेब रुमालात तोंड घालून हसत होते, शिपाई खांब धरून हसत होता. हसले नाहीत ते फक्त साडूभाऊ. ते उठले, अंगावरची शाल काढून घडी करून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, “बाबा, तो गड इथनं जवळ हाय, सोबत या, दाखवतो. हा प्रोग्राम माझा हाय. तुमी घेतला, बदलला, रंग दिला, लई चांगलं केलं, मी घ्या म्हणूनच ठिवला व्हता. पण घेताना पहिल्या पडद्यावर तुमी ‘मान्य हाय’ म्हणाला व्हता. काय मान्य केलं ते वाचलं व्हतं का?” आणि त्यांनी अटी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. या वेळीही दोघेतिघे उभे राहिले.

पुढे गावातला प्रत्येक माणूस वकील झाला. कोर्टात खेचा, भरपाई मागा, त्यातून घरावर एक मजला चढवा. साडूभाऊ म्हणाले, “मला मजला नगं. वाटी भरून पायजे.” त्यांनी कंपनीला रीतसर नोटीस पाठवली, उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. तेव्हा त्यांनी आक्काकडून पितळी वाटी घासून घेतली, काठोकाठ चटणी भरली, मला बरोबर घेतलं आणि पुण्याची एसटी धरली. काचेच्या त्या इमारतीत मोठ्या साहेबांच्या टेबलावर त्यांनी वाटी ठेवली, चटणीच्या सगळ्या अटी सांगितल्या आणि तेवढंच सांगून उठले. साहेब गोंधळले. “काका, चटणी डब्यात काढून घेतो, वाटी घेऊन जा.” साडूभाऊ दारातून वळून म्हणाले, “रिकामी नेत न्हाई मी. आमच्याकडं दस्तूर न्हाई.” परतीच्या गाडीत मी बराच वेळ हसत होतो. ते खिडकीबाहेर बघत होते. नगर मागे पडल्यावर म्हणाले, “पाव्हणं, ह्या साली आज्या दारातनं परत गेल्या तर मला पुढच्या साली प्रोग्राम उघडून काय करायचाय?” तेव्हा मला हसण्याची लाज वाटली.

वाटी आली. टोळ्या निघायच्या आदल्या आठवड्यात कुरिअरवाल्यानं खोकं दिलं, त्यात आक्काची वाटी, वाटीत मूठभर खडीसाखर आणि खडीसाखरेत खोचलेला पेनड्राइव्ह. संपूर्ण प्रोग्राम, वाचता येईल असा, त्याच अटींवर, आणि वर कंपनीनं घातलेली एक नवी सोयही होती: रेंज नसली तरी नोंद होत होती. नोटिशीनं काम झालं की वाटीनं, यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. कंपनीच्या साहेबांच्या आईनं वाटी बघून पोराला झापलं असणार, असं आक्काचं मत. साडूभाऊंनी त्यात पडायला नकार दिला आणि खडीसाखर चघळत आजीचा अंगठा परत जागेवर बसवला. जिल्ह्याच्या साहेबांनी तो लगोलग चालवूनही घेतला. या वेळी दरपत्रकं मागितली नाहीत. पहिल्या दिवशी शाळेत पहिलीच जी आजी आली तिनं यंत्राकडे बघून तोंड वाकडं केलं. “अंगठा कशाला? मला सई येती. साक्षरतेच्या वर्गाला गेलते मी.” साडूभाऊंनी कपाळावर हात मारला आणि त्याच जागी बसून आजीच्या सहीची सोय केली. त्या साली केजच्या त्या बाईंच्या शाळेतून एकही पोरगं फडात गेलं नाही.

हे लिहिताना मजा वाटते आहे, पण अलीकडे त्यांच्या घरी जाताना माझा पाय जड होतो. साडूभाऊंना काचबिंदू झाला. पोथ्या वाचणाऱ्यांना पोथ्या पाठ असतात. अटी वाचणाऱ्याचं तसं नाही, अटी रोज नव्या. आता ते स्क्रू-ड्रायव्हरनं यंत्र उघडतात ते बोटांनी चाचपून, आणि आत काय दिसतं ते आक्का सांगते, “लाल वायर हाय, निळी हाय, आन् एक झुरळ हाय.” मी रविवारी जातो. औषधाची चिठ्ठी, बँकेचा निरोप, विजेच्या बिलामागचा मजकूर, जे साठलेलं असेल ते मोठ्यानं वाचतो. कंटाळून मी एखादा परिच्छेद गाळला तर त्यांना कसं कळतं देव जाणे. “मधलं कुठं गेलं?” असं विचारतात.

गेल्या रविवारी त्यांच्या संगणकावर प्रोग्रामची नवी आवृत्ती आली होती. कुणीही काही बदललं तर काय बदललं ते लिहायचं, ही त्यांचीच अट. त्याप्रमाणे सुरुवातीला बदल लिहिलेले होते. मी वाचू लागलो. राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, जंगलातल्या एका तालुक्यातल्या कुणा शिक्षकानं एकच ओळ वाढवली होती: ‘गैरहजेरीच्या कारणांत, गडावर या कारणाखाली, मोह वेचायला हे कारण घातले आहे.’

“म्हंजे काय?” साडूभाऊंनी विचारलं.

मी सांगितलं की तिकडे मोहाची झाडं असतात, उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे फुलं पडतात, आणि घरंच्या घरं ती वेचायला जातात.

“पोरं बी?”

“पोरंही.”

“आजीसंगं जात असतील,” ते म्हणाले. मोहाचं झाड त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, आता दिसणारही नव्हतं. मग आत तोंड करून ते ओरडले, “ऐकलं का? वाटी भरून आली!” आक्का ओल्या हातानं बाहेर आली आणि खरीच वाटी शोधू लागली. “परत वाचा तेवढं,” ते मला म्हणाले. मी परत वाचलं.

मग तो नेहमीचा पडदा आला, अटींचा. मी पुढे ढकलणार, तर त्यांनी माझं मनगट धरलं, अगदी त्या दुकानदाराचं धरलं होतं तसं. “वाचा.”

“अहो, तुमच्याच आहेत. तुम्हीच लिहिलेल्या.”

“माझ्या हायेत म्हणून काय झालं? न वाचता मान्य कसं करू?”

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या वाचल्या, एकही न गाळता. ते मान खाली घालून, मिशीखाली ओठ हलवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “ठीक हाय. मंजूर हाय मला,” आणि हात पुढे केला. माउसवरची कळ त्यांना सापडत होती, पण पडद्यावरची चौकट सापडत नव्हती. मी बाण चौकटीवर नेऊन ठेवला, मग त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि आम्ही दोघांनी मिळून ‘मान्य’ दाबलं.